आपांचं सागवान

आपा कुणाच्याही घरी गेल्या की आधी दाराचा वास घ्यायच्या. घरातली माणसं "या, बसा" करत उभी असायची आणि या बाई उंबऱ्याबाहेरच थांबून, दाराच्या कडेवर अंगठ्याचं नख खरवडून, ते नख नाकाशी नेऊन डोळे मिटायच्या. मग निकाल लागायचा. आमच्या नांद्याच्या फ्लॅटमध्ये त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या सासूबाई, आमचे शेजारी आणि शेजाऱ्यांचे पाहुणे असे सगळे हजर होते. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत 'सागवानी प्रवेशद्वार' असं छापलेलं होतं आणि ते मी आल्यागेल्याला कित्येक वर्षं ऐकवत होतो. आपांनी नख खरवडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "भुसा हाय. वर सागाचा कागद डकवलाय." एवढं बोलून त्या आत आल्या आणि सोफ्याकडे वळल्या. मी घाईघाईनं सोफ्यावर जाऊन बसलो, म्हणजे निदान त्याची तरी तपासणी होऊ नये.

आपा म्हणजे पौडच्या रस्त्यावरच्या लाकडाच्या वखारीच्या मालकीण. खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण पौडपासून ताम्हिणीच्या तोंडापर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणायचे, त्यांच्याहून वयानं मोठे असलेले बाप्येसुद्धा. नवरा लवकर गेला, त्यानंतर वखार आणि तिच्यातली करवतीची गिरणी त्यांनी स्वतः चालवली. करवतीच्या आवाजावर मात करता करता त्यांचा आवाज असा तयार झाला होता की गिरणी बंद असली तरी ती चालू असल्यासारख्याच त्या बोलायच्या. उंच, रुंद बाई. ओढणी कमरेला गुंडाळून, डोक्याला रुमाल बांधून त्या गिरणीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या की गिऱ्हाईक घासाघीस करायचं विसरून जायचं. नम्रता त्यांच्याकडे औषधालाही नव्हती. मावळात लाकूड कळणारी माणसं किती, असं कुणी विचारलं तर त्या स्वतःपासून सुरुवात करायच्या आणि तिथंच थांबायच्या.

मी त्यांच्याकडे गेलो तो पुस्तकांसाठी फळी घ्यायला. हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला चाळिशीनंतर एकदा तरी हातानं काहीतरी करावंसं वाटतं. काही जण पाव भाजायला लागतात, काही सायकल घेतात. मला सुतारकामाचा झटका आला. मी मोबाइलवर फळीचं चित्र दाखवलं. आपांनी ते पाहिलं, मला पाहिलं आणि विचारलं, "पुस्तकं हायेत का आदी, का नुस्तीच फळी?" पुस्तकं होती, पण खोटं कशाला बोला, त्यातली निम्मी बायकोच्या बी.एड.ची होती. उत्तर शोधत मी इकडंतिकडं बघायला लागलो आणि तेव्हा मला वखारीच्या मागच्या बाजूला, ओंडक्यांच्या राशीपलीकडे, ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली होडी दिसली.

मुळशी धरणाच्या पाण्याला लागून मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. शेठ वारले, मुलं परदेशात, त्यामुळे बंगल्यातलं सामान विकायला निघालं. लोक फ्रीज आणि पलंग घेऊन गेले. आपांनी होडीचा वास घेतला आणि ती उचलली. जुनं बर्मी सागवान. होडीचा डेक, म्हणजे वरचा चालायचा भाग, तो सगळा त्या लाकडाच्या लांबच लांब फळ्यांचा. तसलं लाकूड आता बघायलाही मिळत नाही असं त्या म्हणत, आणि या एका बाबतीत त्यांचे वैरीही त्यांच्याशी सहमत होते. होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पौडला आली तेव्हा बेत साधा होता. ती कापायची आणि त्यातून सलीमच्या, म्हणजे आपांच्या एकुलत्या एका मुलाच्या, नव्या घराला दार करायचं. घर बांधून झालं, सगळी राहायलाही गेली. दार मात्र प्लायवुडचं होतं, तात्पुरतं. मी त्यांना ओळखायला लागलो तोवर त्या तात्पुरत्या दाराचा रंग दुसऱ्यांदा उडाला होता.

होडी कापायला आपांची हरकत नव्हती, हे त्या सगळ्यांना बजावून सांगायच्या. "आमाला काय करायची होडी? लाकूड हाय ते. कापायचंच हाय." पण घाण लाकूड करवतीखाली घालायचं नाही, हा गिरणीचा जुना नियम होता. लाकडात मातीरेती अडकलेली असली की करवतीचे दात जातात, हे खरंच आहे. म्हणून होडी आधी स्वच्छ करायची. ती स्वच्छ झाली की आपा तिच्याभोवती एक चक्कर मारायच्या, फळ्यांवरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या की एवढी घासूनपुसून लख्ख केली, आता लगेच कापायची म्हणजे काय, दम घ्या जरा. दम घेईपर्यंत गिरणीचा भुसा आणि रस्त्याची धूळ तिच्यावर बसायची. की पुन्हा घाण लाकूड. हे वखारीतल्या हमालांपासून सगळ्यांना कळत होतं. कळलं नव्हतं ते फक्त मला. मी पहिल्याच दिवशी मदतीच्या भावनेनं म्हणालो की रविवारचा मी येत जाईन, मन लावून घासली तर दिवाळीच्या आत कापता येईल. आपांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हातात ब्रश दिला. "आदी शिका," म्हणाल्या.

शिकायचं ते एवढंच होतं, की सागवान धुताना ब्रश रेषांच्या बाजूनं उभा ओढायचा नाही, आडवा फिरवायचा. लाकडाच्या दोन कठीण रेषांमध्ये मऊ भाग असतो. उभं घासलं की तो निघून जातो आणि फळीला खाचा पडतात. ब्रश काथ्याचा, पण वापरून मऊ पडलेला. पाण्यात खडे मीठ. समुद्रातल्या होडीला मीठ फुकट मिळतं, आपल्याकडच्या गोड्या पाण्यात शेवाळ माजतं, म्हणून ते बादलीत घालायचं. हे सगळं आपांना शेठच्या बंगल्याच्या रखवालदारानं सांगितलं होतं, पण त्या ते सांगताना रखवालदाराचा उल्लेख करत नसत. मी दर रविवारी सकाळी नांद्याहून पौडला जायला लागलो. बायकोला मी सांगितलं की हे एक प्रकारचं ध्यान आहे. ती म्हणाली की ध्यान आपल्या बाल्कनीतही लागतं, फरशी कित्येक महिने वाट बघतेय.

पण माझ्यातला इंजिनीअर स्वस्थ बसेना. गाडी धुवायला मी एक यंत्र घेतलं होतं, जोरात पाण्याचा फवारा मारणारं. आपा जांब्याला एका लग्नाला गेलेल्या बघून मी ते वखारीत नेलं आणि डेकवर चालवलं. काय सांगू, वर्षावर्षांची घाण क्षणात उडाली आणि खालून सोन्यासारखं लाकूड निघालं. मी फोटो काढला आणि आपांना थेट लग्नात पाठवला. दुपारपर्यंत ते लाकूड वाळलं आणि त्याच्यावर मांजराच्या पाठीसारखी लव उभी राहिली. हात फिरवला तर नुसत्या खाचा. आपा बिर्याणी अर्धवट टाकून आल्या असाव्यात. त्यांनी तळहातानं तो भाग चाचपला आणि शांतपणे विचारलं, "दाढी करताना कातडं बी काढता का तुमी?" त्यानंतर डेकच्या त्या भागाला 'इंजिनेरचा पट्टा' असं नाव पडलं आणि वखारीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो मुद्दाम नेऊन दाखवला जाऊ लागला. लोक फळीकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. मी नमस्कार करायचो.

तेलाच्या बाबतीत मात्र आम्ही दोघं बरोबरीनं मूर्ख ठरलो. घराच्या दारांना आपा जवसाचं तेल लावायच्या, त्यांचे सासरेही तेच लावायचे आणि दारं तुळतुळीत राहायची. मी एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ बघितला होता. तो कुठल्याशा उन्हाच्या किनाऱ्यावर बसून डब्यातलं खास सागाचं तेल लावत होता. आपा म्हणाल्या जवस, मी म्हणालो डबा. वाद इतका रंगला की गिऱ्हाइकं कुणाची बाजू घ्यायची ते ठरवून यायला लागली. शेवटी तोडगा निघाला की डावी बाजू त्यांची आणि उजवी माझी. मे महिन्यात होडी दोन्हीकडून अशी चमकायला लागली की गावातल्या एका नवरदेवानं तिच्यात बसून फोटो काढून घेतले. मग आमच्याकडचा पावसाळा सुरू झाला, ज्यात भिंतींना, चपलांना आणि कपाटातल्या पासपोर्टलासुद्धा बुरशी येते. तेल म्हणजे त्या बुरशीला आयतं जेवण. गणपतीच्या सुमारास ताडपत्री काढली तर होडी डावीउजवी दोन्हीकडून तव्यासारखी काळी. आपांचं म्हणणं, माझ्या बाजूची बुरशी त्यांच्या बाजूला गेली. माझं म्हणणं नेमकं उलटं. सगळा हिवाळा आम्ही ते काळं घासत होतो आणि एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो तेव्हा आपांनी जाहीर केलं, "सागाला काय बी लावायचं न्हाई. तेल न्हाई, पालिश न्हाई. मी पयल्यापासनं सांगतीया." असं त्या पहिल्यापासून कधीही सांगत नव्हत्या. पण तोंडात त्यांनीच भरवलेला लाडू होता, त्यामुळे मला बोलता आलं नाही.

काही न लावलेलं सागवान उन्हापावसात हळूहळू राखाडी होतं. नीट धूत राहिलं तर त्या राखाडीवर चांदीची झाक येते. आपांना ती फार आवडायची. मला ते लाकूड म्हातारं झाल्यासारखं वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायचो. एका रविवारी उन्हात घासताना मला घाम आला. केसांना आदल्या दिवशीच कलप लावला होता, तो कानामागून शर्टाच्या पांढऱ्या कॉलरवर उतरायला लागला. आपांनी हातातलं काम थांबवलं. "इंजिनेर, तुमचं पालिश उतरतंय." त्यांची सून शबाना चहा घेऊन येत होती, ती चहासकट मागे वळली आणि आत जाऊन हसली. आपांचे स्वतःचे केस पूर्ण पांढरे होते, मेंदीसुद्धा लावत नसत. मला टॉवेल देत म्हणाल्या, "पिकलं म्हंजी सडलं न्हाई. वरचं दिखाव्याचं गेलं, येवढंच." त्या महिन्यापासून मी कलप सोडला. ऑफिसात दोघातिघांनी तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

होडी एकदा तरी धरणात नेऊन बघू या, असंही मी सुचवलं होतं. आपांनी विचारलं, पोहता येतं का. आमच्या सोसायटीच्या तलावात मी पोहतो असं मी सांगितलं. तो तलाव कमरेइतका आहे आणि मी त्यात उभा राहून पोहतो, ही माहिती त्यांनी पुढच्या चारसहा प्रश्नांत काढून घेतली. त्यांना स्वतःला पाण्याची धास्ती होती. धरणाच्या भिंतीकडे जातानासुद्धा त्या जीपच्या दुसऱ्या बाजूला बसायच्या. म्हणजे ज्यांना पोहता येत नाही अशी दोन माणसं, जी पाण्यात जाणार नाही अशी एक होडी, वर्षानुवर्षं घासत होती.

यात फरफट होत होती ती सलीमची. तो आईच्या अगदी उलट, हळू बोलणारा, कुणाला न दुखवणारा. सासरची माणसं आली की वखारवाल्याच्या घराला प्लायवुडचं दार, असं हसून बोलायची आणि तोही हसायचा. एकदा मी नळावर हात धूत असताना तो शेजारी येऊन उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "सर, तुमी येता म्हनून तिला वाटतं काम चाललंय. तुमी न्हाई आलात तर कापंल ती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचं चूक काहीच नव्हतं. मी काही रविवार गेलो नाही आणि बाल्कनी घासली, तीही आडवी. मग आपांचाच फोन आला. वाटलं, आता शिव्या बसणार. पण त्यांचा आवाज कधी नव्हे इतका खाली होता. म्हणाल्या, "सलीम बोलला व्हय तुमाला? खरं हाय त्याचं. पर मी लगीन होऊन आले तवापासनं नुस्तं कापतीया, इंजिनेर. आख्खं आलं आन माज्या हातनं आख्खं गेलं, असं येक लाकूड न्हाई. येक तरी ऱ्हाऊ द्या." मी पुढच्या रविवारी गेलो. सलीमनं मला पाहिलं आणि बादली भरून दिली.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. मोजणीवाले आले आणि वखारीच्या फरशीवर लाल रंगाच्या खुणा करून गेले. खुणेची रेघ होडीच्या मधोमध जात होती. वखार मागच्या अरुंद पट्टीत सरकवावी लागणार होती आणि तिथं ओंडके उभे करायलाच जेमतेम जागा. मी धावपळ केली. आमच्या सोसायटीच्या बागेत मुलांना खेळायला होडी ठेवू या असा अर्ज केला. कमिटीनं तो वाहनतळाच्या नियमांखाली फेटाळला. महाळुंग्याच्या एका हॉटेलवाल्याला ती दर्शनी भागात मांडायची होती. आपा स्वतः बघायला गेल्या, त्याच्या टेबलांचा वास घेतला आणि परत आल्या. म्हणाल्या, तिथं लोक तिच्यावर पेले ठेवतील. सलीम या सगळ्या काळात दाराबद्दल एक शब्दही बोलला नाही, आणि त्यामुळे आपांना जास्तच त्रास होत होता.

त्याच उन्हाळ्यात मशिदीतला तख्ता मोडला. मुसलमानांत दफनाआधी मयताला अंघोळ घालतात, त्यासाठी उंच पायांची एक लांब फळी असते, तो तख्ता. जुना होता, लाकूड कुजलं होतं, एका म्हाताऱ्या माणसाच्या वेळी मधोमध तडकला. जमातीनं बैठक घेऊन ठरवलं की आता स्टीलचा आणायचा, धुवायला सोपा, कटकट नाही. सलीमनं ही बातमी वखारीत सांगितली तेव्हा आपा होडीच्या कडेला टेकून चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. "स्टीलवर निजवायचं माणसाला? पोस-माघात? कपाट हाय का ते?" त्यांचा हात होडीच्या कडेवरून फिरत राहिला. पाणी सोसणारं, न कुजणारं, तेलपालिश न मागणारं लाकूड पौडमध्ये कुठं आहे, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. ते बोलून दाखवायची आमची कुणाची टाप नव्हती.

"मिस्त्रींना बलीव," त्या सलीमला म्हणाल्या. मग त्यांनी चपला काढल्या, शिडीवरून होडीत चढल्या, ओढणी सारखी केली आणि डेकवर उताण्या पडल्या. वखारीतले सुतार मिस्त्री खडू घेऊन आले ते बघतच राहिले. "आखा," आपा झोपल्या झोपल्या ओरडल्या. "डोक्यापाशी वीतभर, पायापाशी वीतभर. मी मावले म्हंजी समदी जमात मावंल." सगळी वखार हसली, हमाल हसले, मीही हसलो. सलीम हसला नाही. मिस्त्रींनी आखायला घेतलं तर त्यांना थांबवून म्हणाल्या की इंजिनेरचा पट्टा त्यात घेऊ नका, मयताच्या पाठीला टोचेल. आखून झालं तरी त्या लगेच उठल्या नाहीत. वर बघत पडून राहिल्या. मग उठून बसल्या आणि सलीमकडे न बघता म्हणाल्या, "तुजं दार बी हुईल रं. पर दारातनं रोज जायचं, हितं येकदाच निजायचं. आदी हे."

कापायच्या दिवशी होडी शेवटची धुतली. नियम म्हणजे नियम. या खेपेला सलीमही ब्रश घेऊन उतरला आणि मला कबूल करायला हवं की त्याचा हात माझ्याहून चांगला होता. करवतीवर आपा स्वतः उभ्या राहिल्या. पहिली फळी पात्यातून पलीकडे गेली तेव्हा त्यांनी गिरणी थांबवली, मूठभर भुसा उचलला आणि माझ्या नाकासमोर धरला. इतकी वर्षं त्या लाकूड हुंगायला द्यायच्या आणि मी काहीतरी कळल्यासारखी मान हलवायचो. त्या दिवशी खरोखर वास आला, जुन्या चामड्याचा आणि कडवट तेलाचा. आम्ही ओतलेलं कुठलंच तेल नव्हे, लाकडाचं स्वतःचं. वरून चांदीसारखं राखाडी झालेलं ते सागवान आत जसंच्या तसं होतं. आपांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डोळ्यात भुसा गेला वगैरे त्या म्हणाल्या नाहीत, पुसलंही नाही, गिरणी पुन्हा सुरू केली. संध्याकाळी खाचा पडलेला तो पट्टा त्यांनी माझ्या हातात ठेवला. "ही घ्या तुमची फळी. पुस्तकांच्या पाठीला टोचत न्हाई."

तख्ता तयार झाल्यावर आपा तो टेम्पोतून मशिदीच्या दाराशी घेऊन गेल्या आणि मलाही ओढून नेलं. मशिदीची व्यवस्था बघणारे एक वयस्कर मुलाणी होते, त्यांना त्यांनी भर रस्त्यात, गिरणीच्या आवाजात, धडा दिला की याला तेल लावायचं नाही, पॉलिश करायचं नाही, काम झालं की मिठाच्या पाण्यानं आडवं घासायचं आणि सावलीत वाळवायचं. मुलाणींनी विचारलं, विसरलं तर? आपांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या इंजिनेरला इचारायचं. त्यांनी समद्या चुका करून बगितल्यात." माझ्या शिक्षणाचं इतकं नेमकं मूल्यमापन आजवर कुठल्याही कंपनीनं केलेलं नाही.

पुढं पावसाळा गेला. होडीच्या उरलेल्या लाकडाचं सलीमचं दार झालं, दोन झडपांचं, देखणं. रविवारी मला काही काम उरलं नव्हतं तरी मी जायचो. आपा मागच्या अरुंद वखारीत खुर्ची टाकून बसायच्या आणि थोडं चाललं तरी त्यांना धाप लागायची. गावात मधल्या काळात जमातीतलं कुणी गेलं नाही. आपांच्या तख्त्यावर निजायची कुणाची हिंमत होत नाही, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. आपांना ही चेष्टा फार आवडायची. आल्यागेल्याला त्या ती स्वतःच सांगायच्या.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी मी मीटिंगमध्ये बसून कुठल्याशा आकड्यांवर मान हलवत होतो, तेव्हा सलीमचा फोन आला. "सर, आई गेली." पहाटे नमाजाला उठल्या, छातीत दुखतंय म्हणाल्या, पुण्याला न्यायला गाडी काढेपर्यंत संपलं होतं. मी उठलो तेव्हा सगळे बघायला लागले. काय झालं विचारलं तर मला त्या माझ्या कोण ते सांगता येईना. आमच्या ओळखीच्या बाई, एवढंच बोललो आणि ते बोलल्याचं दिवसभर वाईट वाटत राहिलं.

मी पोचलो तेव्हा मागच्या अंगणात चादरी बांधून आडोसा केलेला होता आणि आत शबाना आणि इतर बायका आपांना अंघोळ घालत होत्या. पाणी ओतल्याचा आवाज बाहेर येत होता. आम्ही पुरुषमाणसं पुढं रस्त्याच्या कडेला उभे होतो. काही वेळानं त्यांना नव्या दारातून बाहेर आणलं. जनाजा उचलला तेव्हा सलीमनं मला हाक मारली आणि खांद्याला जागा करून दिली. दुपारच्या नमाजानंतर कब्रस्तानात माती दिली. मी माझ्या वाटणीची माती टाकली आणि बाजूला उभा राहून लहान मुलासारखा रडलो. मुलाणींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

परत आलो तर आडोशाच्या चादरी काढलेल्या होत्या आणि अंगणात ओला तख्ता तसाच होता. तो मशिदीत परत पोचवायचा होता. सलीम आत जाऊन ब्रश घेऊन आला, शबानानं मी मागायच्या आधीच वाटीत खडे मीठ आणून दिलं. सलीम तख्त्यासमोर उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, ह्याला आता काय लावायचं असतं का?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला लाकडाबद्दल काही विचारत होतं आणि मला उत्तर येत होतं. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग तो पाणी ओतत राहिला आणि मी घासत राहिलो. तख्ता केव्हाच स्वच्छ झाला होता, पण आम्ही दोघांनीही एकमेकांना ते सांगितलं नाही.